शिट्टी वाजल्यावर : शेजाऱ्याचा तारा निखळतो तेव्हा

गेल्या अंकात मी सहज लिहून गेलो की फुटबॉलमध्ये सामना हरण्यापेक्षा खेळाडू गमावणं वाईट. हार एका संध्याकाळची असते; गेलेला खेळाडू दर आठवड्याला टीव्हीवर दिसत राहतो, तोही दुसऱ्याच्या कपड्यांत. त्यावर आलेल्या पत्रांचा गठ्ठा संपादकांनी माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, ‘तुम्हीच निस्तरा.’ बहुतेक पत्रं चिडवल्या गेलेल्यांची आहेत. चिडवणारे पत्रं लिहीत नाहीत, त्यांना तेवढी सवड कुठे?

उत्तरांआधी एक कबुली. मी टॉटनहॅमचा, आणि माझ्या बायकोचा भाऊ आर्सेनलचा. दोन्ही क्लब उत्तर लंडनमधले, मैदानांमध्ये जेमतेम सहा-सात किलोमीटरचं अंतर. सामन्याच्या दिवशी आम्हा दोघांच्या खुर्च्यांमध्ये असतं त्याहून कमी. तेव्हा खालच्या उत्तरांत निःपक्षपातीपणा शोधू नये.

प्रश्न : मी मॅन्चेस्टर युनायटेडचा, माझा जिवलग मित्र मॅन्चेस्टर सिटीचा. वाद कशावरूनही सुरू होवो, तो शेवटी तेवेझच्या पोस्टरवर येतो. मी तेव्हा लहान होतो, मला नीट आठवतही नाही. त्या पोस्टरमध्ये एवढं झोंबण्यासारखं काय होतं?

तीन शब्द होते. ‘वेलकम टु मॅन्चेस्टर.’

कार्लोस तेवेझ 2007 ते 2009 अशी दोन वर्षं तुमच्याकडे होता. दोन्ही वर्षी लीग जिंकला, 2008 ची चॅम्पियन्स लीग ही युरोपातल्या क्लबांची सर्वांत मोठी स्पर्धाही. पुढचा करार काही जमेना, आणि जुलै 2009 मध्ये तो सिटीत गेला. गेला म्हणायचं एवढंच, घर बदलायचीही गरज नव्हती. सिटीने शहराच्या मध्यवस्तीत, डीन्सगेटवर, आकाशी निळ्या रंगाचा भलाथोरला फलक लावला. त्यावर हात पसरलेला तेवेझ आणि हे तीन शब्द.

आता यातली मेख बघा. माणूस दोन वर्षं तिथेच खेळत होता, मग स्वागत कसलं? तर युनायटेडचं ओल्ड ट्रॅफर्ड हे मैदान मॅन्चेस्टर शहराच्या हद्दीत येतच नाही. ते शेजारच्या ट्रॅफर्डमध्ये आहे. म्हणजे फलक तेवेझला सांगत होता की बाबा, इतके दिवस वेशीबाहेर होतास, आता गावात आलास. ना शिवी, ना क्लबचं नाव. ज्याला कळायचं त्याला बरोबर कळलं. तुमचे प्रशिक्षक सर अ‍ॅलेक्स फर्ग्युसन यांना तर इतकं कळलं की त्यांनी सिटीला छोट्या मनोवृत्तीचा छोटा क्लब म्हणून टाकलं. माझ्या मते सिटीचा पहिला गोल तिथेच झाला. सगळे चषक घरात असलेला माणूस एका फलकाला उत्तर द्यायला खाली उतरतो, तेव्हा फलक लावणाऱ्याचे पैसे वसूल होतात.

पण तुमची बाजूही काही सोवळी नव्हती. ओल्ड ट्रॅफर्डमध्ये तुमच्या लोकांनी वर्षानुवर्षं एक फलक टांगून ठेवला होता. सिटीने शेवटचा मोठा चषक जिंकला 1976 मध्ये, त्याला किती वर्षं झाली त्याचा आकडा. दरवर्षी आकडा बदलायचा. 2011 मध्ये तो पस्तिसावर पोहोचला, आणि त्याच वर्षी सिटीने उपांत्य सामन्यात तुम्हालाच हरवून पुढे एफए कप ही इंग्लंडमधली बाद पद्धतीची स्पर्धा जिंकली. फलक उतरला. चषक उचलणारा सिटीचा कर्णधार कोण होता, ते तुमच्या मित्राने सांगितलं नसेल तर मीच सांगतो : तेवेझ.

आता तुमच्या हातातला पत्ता. चार महिन्यांनी, सप्टेंबर 2011 मध्ये, जर्मनीच्या बायर्न म्युनिकविरुद्धच्या सामन्यात तेवेझ बाकावरून उठायलाच तयार नाही असं सिटीचे प्रशिक्षक मान्चिनींनी जाहीर केलं. भांडण पेटलं, स्वारी अर्जेंटिनाला निघून गेली आणि तिथून तिचे गोल्फ खेळतानाचे फोटो येऊ लागले. त्या हिवाळ्यात तुमच्या लोकांनी काय हात धुऊन घेतले! मित्राला पुढच्या वेळी शांतपणे विचारा, ‘गोल्फ कसं चाललंय?’ तो म्हणेल, तेवेझ परत आला आणि मे 2012 मध्ये आम्ही गुण सारखे असताना गोलफरकावर लीग तुमच्या तोंडून काढून घेतली. हे खरं आहे. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही, तुमच्याकडेही नसावं.

एक सांगतो, आगाऊपणा वाटला तर वाटो. तो बायर्नचा सामना म्युनिकमध्ये झाला होता, तरी चिडवताना तुम्ही दोघांनीही ‘म्युनिक’ हा शब्द तोंडात घेऊ नका. 6 फेब्रुवारी 1958 रोजी म्युनिकच्या धावपट्टीवर युनायटेडच्या विमानाला अपघात झाला. 23 माणसं गेली, त्यांत आठ खेळाडू. तिथे ‘खेळाडू गमावणं’ हे शब्द खरे आहेत. आणि गेलेल्यांत सिटीचे जुने गोलरक्षक फ्रँक स्विफ्टही होते, ते वार्ताहर म्हणून त्या विमानात होते. म्हणजे त्या दिवशी दोन्ही घरांत सुतक होतं. काही लोक आजही त्यावरून गाणी म्हणतात. त्यांना चाहते म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

प्रश्न : आपला खेळाडू दूरदेशी गेला तर जास्त दुखतं, की समोरच्या गल्लीत गेला तर? आमच्या घरात यावरून दोन तट पडले आहेत. मी ‘गल्ली’ तटात आहे.

ताई, तुम्ही जिंकलात. घरच्यांना हे पान वाचून दाखवा.

आमचा कर्णधार होता सोल कॅम्पबेल. टॉटनहॅममध्येच लहानाचा मोठा झाला, 1999 मध्ये लीग कप त्यानेच उचलला. 2001 मध्ये त्याचा करार संपला. 1995 च्या बॉसमन निकालानंतर युरोपात करार संपलेल्या खेळाडूला कुठेही फुकट जाता येतं. जुलैमध्ये आर्सेनलने पत्रकारांना बोलावलं. रिचर्ड राइट नावाचा गोलरक्षक दाखवणार असं समजून मंडळी गेली, आणि दारातून आत आला कॅम्पबेल! एक पैसाही आम्हाला मिळाला नाही. पहिल्या वर्षी तो तिकडे लीग आणि एफए कप दोन्ही जिंकला. 2004 मध्ये तर आर्सेनलने लीगवर शिक्कामोर्तब केलं ते आमच्याच व्हाइट हार्ट लेनवर, 2-2 बरोबरी साधून. आमच्या अंगणात त्यांची वरात, आणि वरातीत आमचा जुना कर्णधार. मेहुण्यांनी त्या रात्री फोन केला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी केला, बहिणीची चौकशी करायला. बहिणीला काहीही झालेलं नव्हतं.

आता दूरदेशीची गोष्ट. गॅरेथ बेल, तेव्हाचा आमचा तारा. 1 सप्टेंबर 2013, रविवार. दुपारी आर्सेनलने आम्हाला 1-0 हरवलं, जिरूचा गोल. संध्याकाळी रेआल माद्रिदने जाहीर केलं की बेल आता त्यांचा. त्या काळचा जगातला सगळ्यात महाग सौदा. इथवर दुःख होतं पण अब्रू शाबूत होती. रेआलला कोण नाही म्हणतं? पण बेलसाठी जागा करायला रेआलने मेसुट ओझिलला मोकळं केलं आणि दुसऱ्याच दिवशी तो सुमारे सव्वाचार कोटी पौंडांना कुठे गेला असेल? आर्सेनलमध्ये. आम्ही आमचा तारा विकला आणि त्यातून शेजाऱ्याच्या घरात झुंबर लागलं! म्हणजे बघा ताई, दूर गेलेला खेळाडूसुद्धा दुखतो तो शेवटी गल्लीतूनच.

कॅम्पबेलबद्दल एक गोष्ट टाळता येणार नाही. नोव्हेंबर 2001 मध्ये तो पहिल्यांदा आमच्या मैदानावर आला तेव्हा आमच्या लोकांनी ‘जुडास’, म्हणजे येशूला दगा देणारा, असं लिहिलेले फुगे सोडले. चार हजार वेळा पाहिलेलं नाटक, चालायचं. पण पुढे कितीतरी वर्षं त्याच्या रंगावरून, त्याच्या खासगी आयुष्यावरून जे ओरडलं गेलं त्याची लाज मला टॉटनहॅमचा म्हणूनच वाटते. चिडवायचं ते मागे राहिलेल्यांना. गेलेल्या माणसाच्या मागे लागलात की ती थट्टा नव्हे. मेहुणे मला छळतात, कॅम्पबेलला नव्हे. म्हणून तर मी त्यांना चहा देतो.

प्रश्न : मागच्या अंकात तुम्ही लुईस फिगोचं उदाहरण ‘स्थानिक वैर’ म्हणून दिलंत. बार्सिलोना आणि माद्रिद यांच्यात 500 किलोमीटरांहून जास्त अंतर आहे. हे स्थानिक कसं?

नाही स्थानिक. चूक कबूल. फिगो 2000 साली बार्सिलोनाहून रेआलला गेला आणि 2002 मध्ये बार्सिलोनाच्या मैदानावर प्रेक्षकांतून त्याच्या दिशेने डुकराचं मुंडकं आलं, हे इतकं गाजलेलं आहे की हात आपोआप तिकडे गेला.

भरपाई म्हणून अस्सल माद्रिदचं घ्या. राउल गोन्झालेस हा मुलगा अ‍ॅटलेटिको माद्रिदच्या फुटबॉल शाळेत घडत होता. 1992 मध्ये त्यांचे अध्यक्ष हेसूस खिल यांनी काटकसर म्हणून ज्युनिअर संघांचं सगळं खातंच बंद केलं. पोरगं गेलं समोरच्या रेआलमध्ये. तिथे 741 सामने, 323 गोल. रेआलवाल्यांना या चिडवण्यासाठी कधी फलक लावावा लागला नाही. राउलने गोल केला की काम व्हायचं. आपल्या हाताने पायावर धोंडा पाडून घेणाऱ्याला चिडवायला शब्द लागत नाहीत.

प्रश्न : चिडवणाऱ्यांवरच थट्टा उलटली असं कधी झालंय का? मला सध्या धीराची गरज आहे.

तुम्ही कोणत्या क्लबचे ते लिहिलं नाहीत, पण ‘सध्या’ या शब्दावरून अंदाज आला.

मिलान शहर घ्या, तिथले दोन क्लब एसी मिलान आणि इंटर. हाकान चाल्हानोग्लू 2021 मध्ये एसी मिलानमधून करार संपवून सरळ इंटरमध्ये गेला. पुढच्याच मोसमात, मे 2022 मध्ये, मिलानने इंटरला दोन गुणांनी मागे टाकून लीग जिंकली. मिरवणुकीत मिलानच्या इब्राहिमोविचने लोकांना सांगितलं की हाकानला एक निरोप पाठवा. लोकांनी पाठवला, गाऊन पाठवला. बरोबर मिरवणूक निघायच्या वर्षी घर सोडलेला माणूस! याहून सोपं सावज कोणतं? दोन वर्षं ते गाणं चाललं. मग 22 एप्रिल 2024. इंटरला विसाव्या विजेतेपदासाठी एक विजय हवा होता आणि समोर संघ होता मिलान. इंटर 2-1 जिंकला. मिलानच्या डोळ्यांदेखत विजेतेपद, दहाला एक या हिशेबाने वीस म्हणजे छातीवर दुसरा तारा, आणि नाचणाऱ्यांत हाकान.

याहून मला जवळची वाटते ती लिव्हरपूल शहरातल्या निळ्या क्लबाची, एव्हर्टनची कथा. 2004 च्या उन्हाळ्यात वेन रूनी हा त्यांचा घरचा पोरगा युनायटेडला गेला. ‘एकदा निळा तो कायमचा निळा’ असं लिहिलेला बनियन त्याने आधी मिरवला होता, त्यामुळे शहरातल्या लाल बाजूला, म्हणजे लिव्हरपूल क्लबवाल्यांना, चेष्टेसाठी मजकूर आयता मिळाला. एव्हर्टनची बोट बुडालीच असं सगळे धरून चालले होते. त्या मोसमात एव्हर्टन चौथं आलं, लिव्हरपूल पाचवं! चॅम्पियन्स लीगची जागा एव्हर्टनला. निळ्यांनी महिनाभर... नाही, महिनासुद्धा नाही. मे 2005 मध्ये त्याच लिव्हरपूलने इस्तंबूलमध्ये तीन गोलांची पिछाडी भरून काढून युरोपचा चषक जिंकला, आणि पाचवं येऊनही त्यांना पुढच्या वर्षी खेळू द्यायचं म्हणून युएफा या युरोपच्या फुटबॉल संघटनेला वेगळा निर्णय घ्यावा लागला. त्यामुळे धीर देतोय खरा, पण फार दिवसांचा देत नाही.

प्रश्न : परदेशी क्लबांचं कौतुक पुरे. कोलकात्यात हे होत नाही का?

होतं, आणि अधिक चवीने. ईस्ट बंगाल जिंकलं की हिल्सा, मोहन बागान जिंकलं की कोळंबी. तिथे जेवणाचं ताटसुद्धा चिडवतं. एके काळी नोंदणीच्या मोसमात क्लबवाले खेळाडूला समोरच्यांनी पळवू नये म्हणून लपवून ठेवत. 1985 मध्ये कृशानू दे आणि बिकाश पांजी ही जोडगोळी मोहन बागानमधून ईस्ट बंगालला गेली तेव्हा एका मैदानावर दिवाळी आणि दुसऱ्यावर शुकशुकाट होता.

भायचुंग भुतियाने मात्र चिडवणाऱ्यांचीच पंचाईत केली. जुलै 1997 मध्ये कोलकात्याच्या सॉल्ट लेक मैदानावर लाखाहून जास्त लोकांसमोर त्याने ईस्ट बंगालसाठी मोहन बागानवर तीन गोल केले, निकाल 4-1. सामन्याआधी बागानचे प्रशिक्षक अमल दत्ता यांनी त्याच्या नावाची ‘चुम चुम’ म्हणून टर उडवली होती, ती अशी भरपाईसकट परत मिळाली. नंतर हाच भायचुंग मोहन बागानकडे गेला, परत ईस्ट बंगालला आला, पुन्हा बागान, पुन्हा ईस्ट बंगाल. माणूस इतक्या वेळा रस्ता ओलांडतो तेव्हा दोन्ही बाजूंनी बेतानेच हसावं. उद्या त्याच्यासाठीच टाळ्या वाजवायच्या असतात.

प्रश्न : मी सातवीत आहे. हॅरी केन टॉटनहॅम सोडून गेला तेव्हापासून वर्गातली मुलं मला चिडवतात. मी पण बायर्न म्युनिकचा फॅन होऊ का?

नको रे बाळा. तो तुला सोडून गेला, तू कशाला त्याच्या मागे पळतोस?

आता चिडवणाऱ्यांसाठी तुला थोडी सामग्री देतो. केन आठ वर्षांचा असताना आर्सेनलच्या शाळेत होता आणि त्यांनी त्याला वर्षभरात घरी पाठवलं. म्हणजे त्याला आधी गमावलं ते त्यांनी, आणि तेही आपण होऊन. आपल्याकडे त्याने 280 गोल केले, जिमी ग्रीव्ह्जचा 266 चा विक्रम मोडला. चषक मात्र एकही नाही. ऑगस्ट 2023 मध्ये तो गेला आणि त्याच रात्री बायर्न सुपर कपमध्ये 3-0 हरलं. त्या अख्ख्या मोसमात बायर्नला काहीच मिळालं नाही. मुलं हसली ना? हसू दे. मे 2025 मध्ये त्याला जर्मनीची लीग, बुंडेसलीगा, मिळाली, आणि त्याच महिन्यात, 21 तारखेला, बिलबाओमध्ये आपण मॅन्चेस्टर युनायटेडला 1-0 हरवून युरोपा लीग जिंकली. सतरा वर्षांनी चषक आला, तो केन गेल्यावर. त्याच मोसमात आपण लीगमध्ये सतरावे आलो, ही माहिती वर्गात आपण होऊन देऊ नकोस.

प्रश्न : बेलच्या विक्रीच्या पैशांतून टॉटनहॅमने काय काय घेतलं, हे आपल्याला आठवतं का? आपल्या स्मरणशक्तीची काळजी वाटते म्हणून विचारतो. आपला एक हितचिंतक.

मेहुणे, ‘हितचिंतक’मधली वेलांटी मी ओळखतो. तीस वर्षं ओळखतो.

आठवतं. सोल्दादो, लामेला, पाउलिन्यो, एरिक्सन, शादली, कापू आणि किरिकेश. सात जण. एकाच्या किमतीत सात आणल्यावर आमच्याकडे जी गर्दी झाली तीत कोण कुठे उभं राहायचं हे ठरवण्यातच मोसम गेला. तुम्ही त्या वर्षी एफए कप घेतलात. त्यानंतर प्रत्येक भेटीत तुम्ही मला ‘सातांपैकी किती राहिले?’ असं विचारत होता. एकेक गळत गेला तशी तुमची बोटं मिटत गेली. एरिक्सन मात्र सोनं निघालं. 2019 मध्ये आम्ही चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात पोहोचलो त्यात तो होता. मग 2020 च्या जानेवारीत तोही इंटरला गेला, करार संपायला सहा महिने असताना, म्हणजे भावही धड आला नाही. तुम्ही तेव्हा फक्त बोट मिटलंत, बोलला नाहीत. त्याबद्दल आभार मानायचे राहिले होते.

आणि एझे. हो, तोही आठवतो. 2025 च्या ऑगस्टमध्ये आमच्याकडे येता येता तुमच्याकडे वळला आणि नोव्हेंबरमध्ये आमच्यावरच तीन गोल करून गेला. पण तो आमचा झालाच नव्हता, त्यामुळे ‘गमावला’च्या वहीत मी त्याला धरत नाही. तुम्ही धरता, माहीत आहे.

राहता राहिला लामेला. मार्च 2021 मध्ये तुमच्याच मैदानावर त्याने उजवा पाय रोवून डावा मागून फिरवला आणि चेंडू गोलरक्षकाला कळायच्या आत जाळीत. रबोना म्हणतात त्याला. त्या वर्षीच्या जगातल्या सर्वोत्तम गोलचा पुश्कास पुरस्कार त्याला मिळाला. सातांतल्या एकाने तुमच्या अंगणात असा गोल केला, तेव्हा पैसे अगदीच पाण्यात गेले म्हणू नका.

तो सामना कोण जिंकलं, हे पुढचं पत्र तुम्ही लिहिणारच, म्हणून टपालखर्च वाचवतो. 2-1, तुम्ही. आणि लामेलाला लाल कार्डही मिळालं.